शाळेच्या हद्दीतला पत्ता

तीस वर्षांहून अधिक काळ पोलीस खात्यात काढला आणि त्यातली बरीचशी प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणती घरफोडी कोणत्या ठाण्याच्या हद्दीतली, हे सांगताना मी अडखळतो. पण खात्यातून निवृत्त झाल्यावर, इथे अमेरिकेत, गुन्हा म्हणावा की नाही असा प्रश्न पडेल असं एक प्रकरण माझ्या हाती आलं होतं. त्यातलं कोण कोणत्या खुर्चीवर कसं बसलं होतं, हेसुद्धा मला अजून सांगता येईल. त्यात रक्त नव्हतं, मुद्देमाल नव्हता. एका सतरा वर्षांच्या मुलीचा पत्ता कोणता, एवढाच तपास होता. आता त्यातल्या कोणाला त्रास होईल असं काही उरलेलं नाही, म्हणून लिहितो आहे. नावं मात्र देणार नाही.

पत्नी गेल्यानंतर वर्षभरानं मुलीनं मला न्यू जर्सीला बोलावून घेतलं. ही दोन हजार चार-पाचच्या आसपासची गोष्ट. सकाळी मुलगी आणि जावई आपापल्या गाड्या घेऊन निघून जात आणि घरात मी, टीव्ही आणि डिशवॉशर एवढेच उरत. ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांत जाऊन चहा पिऊन आलो तरी दिवस संपायचा नाही. शेजाऱ्यांच्या गाड्या कधी येतात आणि कधी जातात, याची मी मनातल्या मनात नोंद ठेवू लागलो आणि एकदा जेवताना ती बोलूनही दाखवली. तेव्हा मुलीनं जाहीर केलं की बाबांना काहीतरी काम मिळालंच पाहिजे, नाहीतर शेजारी आपल्यावर केस करतील.

काम तिच्याच ओळखीतून मिळालं. इथे सरकारी शाळा फुकट असते, पण ती तुमच्या हद्दीतली. आईवडील ज्या गावात राहतात त्या गावच्याच शाळेत मुलानं जायचं. हद्द ओलांडून घर बदललं की शाळाही बदलायची, वर्ष मध्यावर असलं तरी. चांगल्या शाळेच्या गावात घरं महाग, म्हणून काही लोक पत्ता इथला दाखवतात आणि राहतात दुसरीकडे. अशी मुलं शोधायला शेजारच्या गावच्या शाळाखात्यानं दोन निवृत्त अमेरिकन पोलीस अर्धवेळ ठेवले होते. त्यांची अडचण अशी की भारतीय घरांची दारं त्यांना उघडत नव्हती. उघडली तरी आतली माणसं इतकी नम्रपणे बोलत, की ते दोघं चहा पिऊन हात हलवत परत येत. म्हणून मला घेतलं.

काम मला जमलं. पाळत ठेवणं आणि दार वाजवणं हे दोन्ही मी जन्मभर केलेलं. फरक इतकाच की इथे दार वाजवून 'आत येऊ का' असं विचारावं लागे आणि 'नाही' म्हटलं की परत फिरावं लागे. पहिले काही दिवस तो अपमान पचवायला जड गेला. खोटं घर ओळखायला मात्र फारसा वेळ लागत नाही. लोक पलंग आणून ठेवतात, भिंतीवर मुलाचा फोटो लावतात, पण टूथब्रश कोरडा असतो. फ्रिजमध्ये दूध असतं आणि दुसरं काही नसतं. शाळेचं दप्तर जमिनीवर फेकलेलं नसून टेबलावर नीट ठेवलेलं दिसलं, की मी समजून जात असे.

आमच्या प्रमुख साठीकडे झुकलेल्या एक अमेरिकन बाई होत्या, पूर्वीच्या गणिताच्या शिक्षिका. त्यांनी ऑक्टोबरच्या एका सकाळी मला बोलावून तक्रारीच्या फोनवर आलेला निरोप ऐकवला. फोनवरचा आवाज कोणा बाईचा, इंग्रजी चांगलं, वळण आपल्याकडचं. "मला कोणाला ट्रबलमध्ये आणायचं नाहीये," अशी सुरुवात करून तिनं एका कुटुंबाला सविस्तर ट्रबलमध्ये आणलं होतं. उन्हाळ्यात त्यांनी हद्दीबाहेर टाउनहाउस घेतलं, सामान हलवलं, जुनं अपार्टमेंट केवळ पत्त्यापुरतं ठेवलं, आणि मुलगी अजून इथल्याच हायस्कुलात बारावीला आहे. सोमवारी सकाळी आईच्या गाडीतून तिकडून येते. गाडीचा रंगही सांगितला होता. माझा अनुभव असा आहे की निनावी खबर देणारा माणूस बहुधा त्या घरी जेवून आलेला असतो. परक्याला एवढं माहीत नसतं आणि माहीत असलं तरी त्याला एवढा राग येत नाही.

कागद वाचल्यावर कुटुंब माझ्या लक्षात आलं. नवरा-बायको दोघंही पुण्याचे, दोघंही कॉम्प्युटरवाले. आमच्या मराठी मंडळात गणपतीच्या आरतीला तबक धरून उभा असणारा तो आणि हळदीकुंकवाचा हॉल बुक करणारी ती. मी प्रमुख बाईंना स्पष्ट सांगितलं की ही माणसं माझ्या ओळखीतली आहेत, केस दुसऱ्याला द्या.

"उलट बरंच आहे," बाई म्हणाल्या. "तुमच्याशी ते मोकळेपणानं बोलतील."

मलाही ते पटलं. मराठी माणसाच्या तोंडून मराठी माणूस सत्य काढेल, असं आम्हा दोघांनाही वाटलं.

सोमवारी सकाळी टाउनहाउससमोर गाडी लावून बसलो. खबर बरोबर होती. मुलगी पाठीवर दप्तर टाकून बाहेर आली, मागून आई आली, आणि गाडी सरळ आमच्या हद्दीतल्या शाळेच्या दारात थांबली. त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, सहज म्हणून तिथून गेलो होतो तेव्हा नवऱ्याचीही गाडी तिथे उभी दिसली होती. घराची नोंद पाहिली. घर एकट्या बायकोच्या नावावर होतं. बायकोच्या नावावर घर घेणं आपल्याकडे नवं नाही, त्यामुळे मी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही. बुधवारी पुन्हा पाळत ठेवली, तर मुलगी जुन्या अपार्टमेंटमधून बाहेर पडली आणि बापानं तिला शाळेत सोडलं. कुणकुण लागली असेल, म्हणून सावध झाले असतील, असा मी त्याचा अर्थ लावला. एकदा मनात आरोपी ठरला की प्रत्येक गोष्ट त्याच्याविरुद्धच जाते.

त्याच संध्याकाळी अपार्टमेंटचं दार वाजवलं. दार बापानं उघडलं. मला बघून त्याचा चेहरा उतरला, पण लगेच सावरून म्हणाला, "अरे काका! या ना, या. चहा टाकतो."

मी कामासाठी आल्याचं सांगितलं आणि शाळाखात्याचं ओळखपत्र दाखवलं. मुलगी जेवणाच्या टेबलावर अभ्यास करत बसली होती. तिनं मान वर करून "हाय काका" म्हटलं आणि बापाकडे पाहिलं.

मी घर पाहिलं. खरं सांगायचं तर तिथे कोणीतरी राहत होतं. मुलीच्या खोलीत कपड्यांचा ढीग होता, टूथब्रश ओला होता, सिंकमध्ये भांडी होती. आईचे दोन-तीन ड्रेस कपाटात टांगलेले होते, दाराशी तिच्या चपलाही होत्या. इतकं चोख बनवलेलं घर मी तोवर पाहिलं नव्हतं. मग स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात माझी नजर गेली. भिंतीला एक लाकडी फळी होती. फळीवर तेलाचा काळपट डाग, बाजूला भिंतीवर कुंकवाचं पुसट बोट. फळी रिकामी होती.

"देव कुठे आहेत?" मी विचारलं.

त्यानं फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "देव… ते पॉलिशला दिलेत, काका."

"सगळे?"

"हो. म्हणजे, काळे पडले होते ना."

मुलीनं पुस्तकात डोकं घातलं. तिचे खांदे हसण्यानं हलत होते की रडण्यानं, ते मला कळलं नाही. अट्टल गुन्हेगारांनी माझ्याशी केलेल्या खोटेपणात थोडी तरी तयारी असायची. हा गृहस्थ अगदीच नवखा होता. आपल्या घरात एखादा टाक उजळायला जाईल, पण सगळे देव एकदम घराबाहेर जातात ते घर बदलताना. मी नोंद केली, त्याचा चहा नाकारला आणि बाहेर पडलो. माझ्या लेखी तपास पूर्ण झाला होता. देव गेले म्हणजे घर गेलं, असा अहवाल मी मनात लिहूनही टाकला. तो इंग्रजीत कसा लिहायचा एवढीच अडचण होती.

नियमाप्रमाणे आईवडिलांना कार्यालयात बोलावून त्यांचा जबाब घ्यावा लागतो. पुढच्या आठवड्यात ते दुपारी आले. मी खिडकीतून पाहत होतो. दोघं वेगवेगळ्या गाड्यांतून आले आणि गाड्या पार्किंगच्या दोन टोकांना लावल्या. कामावरून परस्पर आले असतील, असं म्हणून मी तेही सोडून दिलं. खोलीत चार खुर्च्या होत्या. त्यांनी आपल्यामध्ये एक खुर्ची मोकळी ठेवली आणि त्या खुर्चीवर बायकोनं पर्स ठेवली.

मी नियम सांगायला सुरुवात केली, तर नवऱ्यानं मला पुरतं बोलूही दिलं नाही.

"काका, आम्ही ॲडमिट करतो. ऑगस्टमध्ये शिफ्ट झालो. तिचं लास्ट इयर आहे म्हणून पत्ता चेंज नाही केला. चूक झाली. कुठे साइन करू?"

बायकोनं झटकन त्याच्याकडे पाहिलं. ती काहीतरी वेगळं बोलणार होती, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मग तिनं नजर खाली घातली आणि मान हलवली.

इथे मला पहिल्यांदा खटकलं. ज्याला पकडलं आहे तो माणूस आधी नाकारतो, मग चिडतो, मग रडतो किंवा ओळखी सांगतो, आणि सगळं करून थकला की कबूल होतो. या पायऱ्या गाळून थेट शेवटाला येणारा माणूस दोन कारणांनी येतो. एकतर तो दुसऱ्या कोणाला वाचवत असतो, नाहीतर मोठी गोष्ट झाकायला लहान गोष्ट पुढे करत असतो. खात्यात असताना एकानं माझ्यासमोर सायकलचोरी कबूल केली होती. पुढे कळलं, त्या वेळी तो चोरीच्या जागी नव्हताच. ज्या घरी होता त्या घराचं नाव त्याला सांगायचं नव्हतं.

मी कागद बाजूला सारला आणि गप्पांच्या सुरात विचारलं, "टाउनहाउस छान आहे म्हणे. बेडरूम किती?"

"तीन," तो म्हणाला.

"वरच्या मजल्यावर?"

"हो, वर."

"कचऱ्याची गाडी कोणत्या दिवशी येते तुमच्याकडे?"

त्यानं बायकोकडे पाहिलं. अमेरिकेत स्वतंत्र घरात राहणाऱ्या नवऱ्याला बायकोचा वाढदिवस एक वेळ आठवणार नाही, पण कचऱ्याचा दिवस आठवतो. माझा जावई कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला ठेवायला एक वार चुकला तर वासानं आठवडाभर गॅरेजमध्ये पाय ठेववत नाही. आणि हा गृहस्थ म्हणे ऑगस्टपासून तिथे राहत होता.

"मंडे," तो म्हणाला. मग म्हणाला, "नाही, बहुतेक ट्यूजडे."

"थर्सडे," बायको खालच्या आवाजात म्हणाली.

 त्यानं माझ्यापुढचा कागद स्वतःच ओढून घेतला आणि सहीसाठी पेन उचललं. शर्टाची बाही वर सरकली. मनगटापासून वरपर्यंत त्याच्या हातावर डाग होते. एक काळपट, जुना. एक तांबूस, खपली धरलेला. एक अगदी ताजा, फुगून आलेला. जखमेचं वय पाहून पंचनाम्यात लिहायची मला सवय होती, त्यामुळे हे डाग एका दिवसाचे नाहीत हे पाहताक्षणी कळलं. आणि ते कशाचे, हे कळायला मला पोलीस असण्याचीही गरज नव्हती. कुकरची वाफ आणि तव्याची कड. पत्नी गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षात माझे दोन्ही हात असेच दिसत होते. आयुष्यात पहिल्यांदा रोज स्वयंपाक करायला लागलेल्या पुरुषाचे ते हात होते.

मग सगळं आपोआप जागेवर बसलं. देव तिकडे, कारण पूजा ती करते आणि ती तिकडे राहते. हा इकडे राहतो आणि रोज भाजतो. ओला टूथब्रश खरा होता, कपड्यांचा ढीग खरा होता. बनवलेले होते ते फक्त कपाटातले दोन-तीन ड्रेस आणि दारातल्या चपला. मी ज्याला खोटं घर समजलो त्यात एक बाप आणि एक मुलगी खरोखर राहत होते. नवरा-बायको वेगळे झाले होते आणि ते कोणालाच माहीत नव्हतं.

"थांबा," मी म्हणालो. "सही करू नका. आधी नियम ऐका." आणि मी शक्य तितक्या कोरड्या आवाजात सांगितलं. आईवडील एका घरात राहत असतील आणि ते घर हद्दीबाहेर असेल, तर मुलीचं नाव सोमवारपासून कमी होईल. मात्र आईवडील वेगवेगळे राहत असतील, आणि मुलगी वर्षातला जास्त काळ हद्दीत राहणाऱ्याकडे असेल, तर तिचा पत्ता इथलाच धरला जातो. शनिवार-रविवार ती दुसऱ्या घरी गेली तरी काही बिघडत नाही. तेवढं दोघांनी सांगायचं, भाडेकरार दाखवायचा, विषय संपला.

मला वाटलं, आता सुटतील. तो लाल झाला आणि म्हणाला, "नाही काका, तसं काही नाहीये. आम्ही शिफ्ट झालोय. सगळे. मी साइन करतो."

"मुलीची शाळा जाईल. बारावीचं वर्ष आहे. तिचे कॉलेजचे अर्ज, शिक्षकांची पत्रं, सगळं अर्धवट आहे."

"तरी चालेल."

"नाही चालणार," बायको म्हणाली. मोकळ्या खुर्चीवरची पर्स तिनं उचलून मांडीवर घेतली, जणू मध्ये काहीतरी होतं ते तिनं हलवलं. "के.जी.पासून आहे ती तिथे. इनफ यार. किती दिवस हे?"

"जूनपर्यंत. आपलं ठरलंय."

"तेव्हा शाळा जाणार हे ठरलं नव्हतं."

"अगं, काका मंडळात येतात." हे तो दबक्या आवाजात बोलला, पण खोली लहान होती. "त्यांची मुलगी कमिटीवर आहे. आज इथे बोललो की संडेपर्यंत पुण्याला आईला कळेल. तिला हे सहन होणार आहे का?"

  त्यांचं भांडण मला ऐकू आलं याची दोघांनाही मागाहून जाणीव झाली आणि दोघंही एकदम माझ्याकडे पाहू लागले. ते पाहणं मला चांगलंच ओळखीचं होतं. पोलीस दिसल्यावर लोक असे पाहतात. इथे मात्र त्यांना माझ्यातल्या पोलिसाची भीती नव्हती. भीती होती ती माझ्यातल्या काकांची.

मला राग आला, हे कबूल केलं पाहिजे. मी काय चहाडी करत फिरणारा माणूस आहे? तीस वर्षांत लोकांची किती अंडीपिल्ली पोटात ठेवली त्याची गणती नाही. वाटलं, सांगावं त्याला, की बाबा रे, माझ्या तोंडून शब्द बाहेर जाणार नाही. पण असं आश्वासन प्रत्येक जण देतो, आणि निनावी फोन करणाऱ्या बाईनंही त्यांना कधीतरी दिलंच असेल. शिवाय मी गप्प राहिलो असतो तरी मला माहीत आहे, हे त्याला कायम माहीत असणार होतं. माझी मराठी उपयोगी पडेल म्हणून मला या खुर्चीवर बसवलं होतं आणि त्या मुलीच्या वाटेत माझी मराठीच आडवी आली होती.

मी उठलो. बाहेर जाऊन प्रमुख बाईंना गाठलं आणि म्हणालो, हा जबाब तुम्ही घ्या, मी आत असलो तर ते खरं बोलणार नाहीत. त्यांना नवल वाटलं, पण त्यांनी चष्मा चढवला आणि आल्या. मी दारात उभा राहून त्या दोघांना म्हणालो, "या बाईंना मराठी येत नाही. तुमचं मंडळ कुठे आहे हे त्यांना माहीत नाही आणि जाणून घ्यायची इच्छाही नाही. जे आहे ते त्यांना सांगा. आत काय बोलणं झालं ते मी विचारणार नाही." आणि दार लावून घेतलं.

बाहेर बाकावर मुलगी बसली होती. शाळा सुटल्यावर चालत आली असावी. मी तिच्याशेजारी बसलो. तिला प्रश्न विचारायचे नाहीत असं मी ठरवलं होतं, पण तीच बोलली.

"काका, आर दे टेलिंग हर?"

"मला माहीत नाही."

"यू नो. यू टोटली नो." मग थोड्या वेळानं, माझ्यासाठी मुद्दाम मराठीत, जपून शब्द शोधत म्हणाली, "मी ऑगस्टमध्येच म्हटलं होतं. सांगून टाका. नोबडी डाइज. बाबा म्हणतो, आजी विल."

मी म्हणालो, "रविवारी बाबांची गाडी तिकडे असते."

"आजीचा कॉल असतो ना. संडे मॉर्निंग. स्पीकर लावतात. आई म्हणते, आई नमस्कार. बाबा म्हणतो, सगळे मजेत. मग मी पण हाय म्हणते. मग तो त्याची कॉफी फिनिश करतो अँड ही गोज होम." ती आपल्या बुटांकडे पाहत होती. "दे आर सो गुड ॲट इट. त्या अर्ध्या तासात मला पण खरं वाटतं."

 मी तिचं बाकावरून घसरणारं दप्तर सावरून ठेवलं.

"मला स्कूल चेंज करायला लावणार होते," ती म्हणाली. "सो दॅट आजीला कळू नये. आय मीन, आय लव्ह आजी. पण मी पण आहे ना इथे?"

तिनं बाहीनं डोळे पुसले. मी खिशातला रुमाल काढला आणि मग तो वापरलेला आहे हे लक्षात येऊन परत ठेवला. ते पाहून ती हसली, तेवढं बरं झालं.

दार उघडायला फार वेळ लागला नाही. आधी बायको बाहेर आली, डोळे पुसलेले. तिनं मुलीला उठवून मिठी मारली. मागून तो आला. माझ्याकडे न पाहता त्यानं मुलीच्या दप्तराचा पट्टा आपल्या खांद्यावर घेतला. तिघं दाराबाहेर गेली आणि मग दोन गाड्या सुरू झाल्याचा आवाज आला.

बाईंनी फाइल माझ्यासमोर ठेवली. विद्यार्थिनी पालकांपैकी एकासोबत हद्दीत राहते, पात्र आहे, एवढाच शेरा होता. "पाच मिनिटांत सांगितलं त्यांनी सगळं," त्या म्हणाल्या. "साधी गोष्ट होती. तुम्हाला का नाही सांगितली?" मी म्हणालो, तुम्हाला सांगणं सोपं होतं. त्यांना ते कळलं नसावं, पण त्यांनी पुढे विचारलं नाही.

खात्यात असताना माझी समजूत होती की माणूस गुन्हा लपवतो आणि पोलिसानं तो उघडा करायचा. या प्रकरणानं ती समजूत पार मोडली. माणूस लपवतो ती ज्याची लाज वाटते ती गोष्ट, आणि लाज कशाची वाटावी हे काही कायदा ठरवत नाही. खोटा पत्ता दिला म्हणून शाळेनं काढलं, हे त्या बापाला चारचौघांत सांगता आलं असतं. दोन खुर्च्यांमध्ये एक खुर्ची मोकळी राहते, हे सांगता येत नव्हतं. आणि आपल्या माणसाजवळ मन मोकळं करावं म्हणतात, पण आपल्याच माणसाला सांगणं किती जड जातं हेही मी त्या दिवशी पाहिलं. त्यानंतर ओळखीचं मराठी कुटुंब आलं की मी फाइल मुकाट्यानं दुसऱ्याकडे देत असे आणि कारण विचारलं तर डोळ्यांचं निमित्त सांगत असे.

एक गोष्ट मात्र मला लागली. मी पकडून आत टाकलेली माणसं पुढे बाजारात भेटली की रामराम करत, एकानं तर मला मुलाच्या लग्नाचं आमंत्रण दिलं होतं. या दोघांनी मला पुन्हा कधी हाक मारली नाही. मंडळाच्या दिवाळीला ते एकत्र आले, शेजारी शेजारी बसले, कोणाला काही कळलं नाही. मी त्यांच्या रांगेच्या बाजूनं गेलो की त्याचं बोलणं थांबायचं आणि ती पदर नीट करू लागायची. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या नाटकाचा एकच प्रेक्षक असा होता, ज्याला पडद्यामागचं माहीत होतं.

जूनमध्ये त्यांची मुलगी त्याच शाळेतून बारावी पूर्ण करून बाहेर पडली. टाउनहाउसवर मोठी पार्टी होती, सगळ्या मंडळाला आमंत्रण होतं, आमच्या घरालाही. माझी मुलगी म्हणाली, "बाबा, चला ना, तुम्हाला ओळखतात ते." मी गुडघ्याचं कारण सांगून घरी थांबलो. निदान तो दिवस त्यांना मोकळेपणानं हसता यावा, असं मला वाटलं.

दुपारी उशिरा मुलगी आणि जावई परतले. माझ्यासाठी डबा बांधून दिला होता. मुलगी चपला काढता काढता म्हणाली, "बाबा, किती गोड दिसत होते दोघं! केक कट करताना तो तिचा पदर सावरत होता. इतक्या वर्षांनी पण कसे राहतात बघा. असा संसार पाहिजे."

"हो," मी म्हणालो, "छान आहेत," आणि डबा उघडायला घेतला.